विद्यापीठीय ग्रंथालये व विद्यापीठीय प्रकाशनसंस्था : सहकार्य आणि विलीनीकरण

विद्यापीठाने चालविलेली प्रकाशनसंस्था आणि विद्यापीठाचे ग्रंथालय या एकाच मातृसंस्थेच्या दोन शाखा होत. पहिली शाखा विद्वानांचे लेखन तज्ज्ञांकडून तपासून घेते, त्याचे संपादन करते व ते प्रसिद्ध करते. दुसरी शाखा प्रसिद्ध झालेले लेखन मिळवून, त्याचे वर्गीकरण व सूची करून ते जतन करते आणि वाचकांच्या हाती देते. इंग्रजी भाषिक देशांत अशा प्रकाशनसंस्थेस ‘युनिव्हर्सिटी प्रेस’ म्हणजे विद्यापीठ मुद्रणालय असे नाव आहे. प्रारंभी छपाई व प्रकाशन ही दोन्ही कामे एकाच छताखाली चालत असल्याने हे नाव पडले. पुढे बहुतेक संस्था छपाई बाहेरून करून घेऊ लागल्या, तरी ते कायम राहिले. प्रस्तुत नोंदीत मुद्रणालय व प्रकाशनसंस्था हे शब्द याच अर्थाने योजिले आहेत.

या दोन शाखांचे उद्दिष्ट एकच, म्हणजे ज्ञानाचा प्रसार हे असले, तरी त्यांची आर्थिक घडण परस्परविरुद्ध आहे. ग्रंथालय हा विद्यापीठाचा खर्चाचा विभाग असून वाचकाला ग्रंथ विनामूल्य वापरू देणे हा त्याचा धर्म आहे. प्रकाशनसंस्थेला मात्र आपला खर्च संपूर्णतः वा अंशतः ग्रंथविक्रीतून भागवावा लागतो, आणि तिचे प्रमुख ग्राहक ग्रंथालयेच असतात. अशा रीतीने एकाच विद्यापीठाचा एक विभाग विक्रेता आणि दुसरा विभाग ग्राहक अशा नात्याने समोरासमोर उभे राहतात. मर्यादित वाचकवर्गाच्या परंतु विद्येच्या दृष्टीने आवश्यक अशा ग्रंथाचा खर्च कोणी सोसावा, हा या नात्यातील मूलभूत प्रश्न आहे. तो वाचकाने सोसावा, ग्रंथालयाने सोसावा, की विद्यापीठाने, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांतून या दोन शाखांच्या जवळिकीचा व दुराव्याचा इतिहास घडला.

प्रारंभीचा काळ : केंब्रिज विद्यापीठास आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये मुद्रक नेमण्याची सनद दिली आणि तेथील विद्यापीठ मुद्रकाचे पहिले ग्रंथ १५८४ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाने जोसेफ बार्न्झ या मुद्रकास १०० पौंडांचे कर्ज देऊन छपाईस प्रवृत्त केले. लंडनबाहेर छपाई करण्याची मुभा १५८६ च्या राजाज्ञेने केवळ या दोन विद्यापीठांपुरती ठेवण्यात आली. म्हणजेच विद्यापीठीय मुद्रण हा प्रारंभी राजसत्तेने दिलेला विशेषाधिकार होता.

ऑक्सफर्ड येथील मोडकळीस आलेले ग्रंथालय टॉमस बॉडली (१५४५–१६१३) या मुत्सद्याने स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभारले. ते १६०२ मध्ये खुले झाले व बॉडलियन ग्रंथालय या नावाने प्रसिद्धीस आले. त्याचा पहिला ग्रंथपाल टॉमस जेम्स याने तयार केलेली मुद्रित ग्रंथसूची १६०५ मध्ये ऑक्सफर्ड येथेच बार्न्झने छापली. विद्यापीठाचे ग्रंथालय व विद्यापीठाचा मुद्रक यांच्या सहकार्याचे हे एक आरंभीचे ठळक उदाहरण होय. पुढे टॉमस हाइड या ग्रंथपालाने सिद्ध केलेली मोठी सूची १६७४ मध्ये विद्यापीठाच्या मुद्रणालयातून बाहेर पडली, तेव्हा यूरोपातील अन्य ग्रंथालयांनीही ती विकत घेऊन तिच्या आधारे आपापल्या संग्रहांच्या याद्या केल्या.

बॉडलीने १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-ग्रंथविक्रेत्यांच्या श्रेणीशी करार करून तिच्या सभासदांनी छापलेल्या प्रत्येक ग्रंथाची एक प्रत ग्रंथालयास विनामूल्य मिळावी, अशी तरतूद करून घेतली. कायद्याने ग्रंथालयास प्रत देण्याच्या पद्धतीचे एक मूळ या करारात आहे. छापणाऱ्याचे जतन करणाऱ्याशी काही देणे लागते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

तथापि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोन्ही शाखांचे मार्ग वेगळे होत गेले. विल्यम लॉड (१५७३–१६४५) याने १६३६ मध्ये ऑक्सफर्डसाठी मुद्रणाची व्यापक सनद मिळविली आणि जॉन फेल (१६२५–८६) याने मुद्रणालयास स्थिर रूप दिले. बायबल व प्रार्थनापुस्तके छापण्याचा अधिकार हा ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही मुद्रणालयांच्या उत्पन्नाचा मोठा आधार ठरला आणि त्या उत्पन्नावर अल्प खपाचे विद्वत्ग्रंथ काढता आले. मुद्रणालयाला स्वतःचे उत्पन्न लाभल्याने ते विद्यापीठाच्या तिजोरीवर व ग्रंथालयावर अवलंबून राहिले नाही. ऑक्सफर्डचे मुद्रणालय अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉडलियनच्या शेजारच्या क्लॅरेंडन इमारतीत गेले आणि सु. १८३० मध्ये तेथूनही दूर वॉल्टन रस्त्यावरील प्रशस्त वास्तूत हलले. क्लॅरेंडन इमारत १९७५ मध्ये बॉडलियन ग्रंथालयाच्या ताब्यात आली.

देवघेवीची पद्धती : मध्य यूरोपात या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने १८१७ मध्ये विद्यापीठांच्या प्रकाशनांची देवघेव करणारे मंडळ स्थापन झाले. विद्यापीठाने आपले प्रबंध व शोधनिबंध छापावेत, ग्रंथालयाने ते इतर विद्यापीठांस पाठवावेत व त्यांच्या बदल्यात त्यांची प्रकाशने मिळवावीत, अशी ही व्यवस्था होती. तिच्यात विक्रीला फारसे स्थान नव्हते. मुद्रित ग्रंथ हे जणू ग्रंथालयाचे चलनच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेल्या अनेक विद्यापीठीय लेखमालांमागे हीच कल्पना होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १८९३ मध्ये प्रकाशनकार्य सुरू केले, तेव्हा प्राध्यापकांचे शोधनिबंध छापून त्यांच्या मोबदल्यात जगभरच्या विद्वत्संस्थांची प्रकाशने ग्रंथालयात आणणे हा त्याचा एक महत्त्वाचा उपयोग होता.

अमेरिकेतील विस्तार : अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १८६९ मध्ये पहिले विद्यापीठ मुद्रणालय काढले, परंतु ते १८८४ मध्ये बंद पडले व १९३० मध्ये पुन्हा सुरू झाले. अखंडपणे चालू राहिलेल्यांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची १८७८ मध्ये सुरू झालेली प्रकाशनसंस्था सर्वांत जुनी होय. विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन (१८३१–१९०८) याच्या मते ज्ञान पुढे नेणे व वर्गाबाहेरच्या दूरच्या वाचकांपर्यंत ते पोहोचविणे ही विद्यापीठाची श्रेष्ठ कर्तव्ये होत. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे गणितविषयक नियतकालिक या संस्थेचे पहिले महत्त्वाचे प्रकाशन होते. शिकागो विद्यापीठाच्या मूळ योजनेतच विल्यम रेनी हार्पर (१८५६–१९०६) याने प्रकाशन हा विद्यापीठाचा एक मुख्य विभाग मानला. कोलंबिया विद्यापीठाने १८९३ मध्ये व हार्व्हर्ड विद्यापीठाने १९१३ मध्ये प्रकाशनसंस्था स्थापन केली आणि १९३७ मध्ये अमेरिकन विद्यापीठ मुद्रणालयांचा संघ अस्तित्वात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतरची सु. पंचवीस वर्षे या संस्थांच्या भरभराटीची होती. रशियाने १९५७ मध्ये कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकन शासनाने उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च केला. १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालयांस ग्रंथखरेदीसाठी अनुदाने दिली. ग्रंथालये विद्यापीठीय प्रकाशने नियमितपणे विकत घेत असल्याने एखाद्या विशेष विषयावरील ग्रंथाची हजार-दीड हजार प्रतींची आवृत्ती खपणे अवघड नव्हते. ग्रंथालय व मुद्रणालय यांच्यात औपचारिक सहकार्य नव्हते; परंतु शासनाचा पैसा ग्रंथालयाच्या हातून मुद्रणालयाकडे जात होता आणि दोहोंचा निर्वाह होत होता. या सुस्थितीमुळे दोघांनाही परस्परांचा विचार करण्याची निकड भासली नाही.

अरिष्ट : ही घडी १९७० नंतर विस्कटू लागली. विद्यापीठांची अंदाजपत्रके आकसली आणि त्याच सुमारास वैज्ञानिक नियतकालिकांच्या प्रकाशनात खाजगी व्यापारी संस्थांनी मोठा जम बसविला. विशिष्ट नियतकालिकास दुसरे नियतकालिक पर्याय ठरत नाही. त्यामुळे वर्गणी कितीही वाढली, तरी ग्रंथालयास ती सहजासहजी बंद करता येत नाही. अमेरिकेतील मोठ्या संशोधन-ग्रंथालयांचा नियतकालिकांवरील खर्च १९८६ ते २००० या काळात सु. तिप्पट झाला आणि ग्रंथखरेदीची संख्या घटली. वैज्ञानिक नियतकालिकांच्या वाढत्या वर्गणीचा भार अशा रीतीने इतिहास, साहित्य, भाषाशास्त्र यांसारख्या विषयांच्या ग्रंथांवर पडला. जे ग्रंथ पूर्वी हजारावर प्रती खपत, त्यांचा खप काही शतकांवर आला. प्रती कमी म्हणून किंमत अधिक, आणि किंमत अधिक म्हणून प्रती आणखी कमी, अशा चक्रात विद्यापीठीय प्रकाशनसंस्था सापडल्या. याचा फटका तरुण अध्यापकांनाही बसला. कारण मानव्यविद्यांच्या क्षेत्रात नोकरी कायम होण्यासाठी प्रसिद्ध ग्रंथाची अट असे आणि तो ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या संस्था मात्र हात आखडता घेत होत्या.

संगणकयुगातील सहकार्य : संगणकाच्या जाळ्यामुळे छापील प्रतीवाचून प्रकाशन शक्य झाले, तेव्हा ग्रंथालय व प्रकाशनसंस्था एका कामासाठी एकत्र आल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्रकाशनसंस्था आणि त्याच विद्यापीठाचे मिल्टन एस. आयझनहौअर ग्रंथालय यांनी १९९३ मध्ये ‘प्रोजेक्ट म्यूझ’ ही योजना हाती घेतली व १९९५ पासून नियतकालिके संगणकावर उपलब्ध करून दिली. संपादन, लेखकांशी संबंध व वर्गणीचा व्यवहार प्रकाशनसंस्थेला अवगत होता. वर्णनात्मक सूची, विषयशीर्षके, शोधपद्धती व वाचकांच्या गरजा यांचे ज्ञान ग्रंथालयाकडे होते. दोहोंची कौशल्ये परस्परपूरक असल्याने ही योजना टिकली. इसवी सन २००० पासून इतर प्रकाशनसंस्थांची नियतकालिके तिच्यात समाविष्ट झाली व २०१२ पासून ग्रंथांचीही भर पडली.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९५ मध्ये ‘हायवायर प्रेस’ हा उपक्रम सुरू करून ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ हे नियतकालिक संगणकावर आणले. विद्वत्संस्थांना व्यापारी प्रकाशकांच्या आश्रयास न जाता आपली नियतकालिके प्रसिद्ध करता यावीत, हा त्याचा हेतू होता. उपक्रम मोठा झाला. परंतु २०१४ मध्ये त्यातील बहुसंख्य हिस्सा एका गुंतवणूक संस्थेकडे गेला व २०२० मध्ये एमपीएस या भारतीय कंपनीने तो विकत घेतला. ग्रंथालयात जन्मलेला प्रकाशन-उपक्रमही अखेरीस बाजारपेठेत जाऊ शकतो, हे यावरून दिसते.

विलीनीकरण : सहकार्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रकाशनसंस्था प्रशासकीय दृष्ट्या ग्रंथालयाच्या अधीन करणे. सिडनी विद्यापीठाची १९६२ मध्ये स्थापन झालेली प्रकाशनसंस्था १९८७ मध्ये बंद झाली होती. ती २००३ मध्ये विद्यापीठ ग्रंथालयाने पुन्हा उभी केली. त्याच वर्षी जर्मनीत गटिंगेन विद्यापीठाची प्रकाशनसंस्था तेथील राज्य व विद्यापीठ ग्रंथालयाचा एक विभाग म्हणून सुरू झाली. मिशिगन विद्यापीठाची १९३० पासूनची प्रकाशनसंस्था २००९ मध्ये ग्रंथालयात विलीन करण्यात आली. तेथील ग्रंथालयाने २००१ पासूनच विद्वत्प्रकाशनासाठी स्वतंत्र कार्यालय चालविले होते. त्यामुळे प्रकाशनसंस्था अनोळखी घरात गेली नाही. या विलीनीकरणाच्या वेळी ग्रंथालयाचे प्रमुखपद पॉल कुरंट या अर्थशास्त्रज्ञाकडे होते. ज्ञान वापरल्याने कमी होत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीची किंमत घेण्याऐवजी पहिल्या प्रतीचा खर्च संस्थेने सोसावा, हा अशा व्यवस्थेमागील आर्थिक विचार होय. मिशिगनने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत तो पुढे नेण्यात आला. अनेक ग्रंथालयांच्या सामुदायिक वर्गणीवर संस्थेचे बहुतेक नवे ग्रंथ सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, असे तीत ठरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची प्रकाशनसंस्था २०१५ मध्ये ग्रंथालय विभागांतर्गत नव्याने सुरू झाली आणि तिने आपले सर्व ग्रंथ संगणकावर मुक्तपणे उपलब्ध ठेवले. लीड्स, शेफील्ड व यॉर्क या तीन विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी २०१६ मध्ये ‘व्हाइट रोझ’ ही संयुक्त प्रकाशनसंस्था काढली. अमेरिकेतील ॲम्हर्स्ट या छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयानेही प्रकाशनसंस्था सुरू केली व पुढे अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या वर्गणीवर ‘लीव्हर प्रेस’ उभी राहिली. ज्या संस्थांस एकट्याने प्रकाशन परवडले नसते, त्यांना ग्रंथालयांच्या संघटनेमुळे ते शक्य झाले.

अपयश व वाद : सर्वच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. राइस विद्यापीठाची प्रकाशनसंस्था १९९६ मध्ये बंद झाली, २००६ मध्ये ती केवळ संगणकीय प्रकाशनासाठी पुनरुज्जीवित झाली आणि २०१० मध्ये पुन्हा बंद पडली. छपाई व साठवण यांचा खर्च वाचला, तरी तज्ज्ञपरीक्षण, संपादन व संहितेची सिद्धता यांवरील खर्च कमी होत नाही, हा धडा यातून मिळाला. यूटा राज्य विद्यापीठाची प्रकाशनसंस्था आर्थिक ओढगस्तीमुळे प्रथम ग्रंथालयाकडे सोपविण्यात आली व २०१२ मध्ये कोलोरॅडो येथील अनेक विद्यापीठांच्या संयुक्त प्रकाशनसंस्थेत समाविष्ट झाली. त्याच वर्षी मिसूरी विद्यापीठाने आपली प्रकाशनसंस्था बंद करण्याचे जाहीर केले. परंतु लेखक व वाचक यांच्या तीव्र विरोधामुळे काही महिन्यांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची प्रकाशनसंस्था ग्रंथालयाच्या व्यवस्थेखाली असताना २०१९ मध्ये विद्यापीठाच्या प्रशासनाने तिचे सु. १७ लाख डॉलरचे वार्षिक अनुदान थांबविण्याचे ठरविले. अध्यापक व विद्वान यांनी देशभर निषेध केल्यावर अनुदान चालू ठेवण्यात आले. अत्यंत संपन्न विद्यापीठातही प्रकाशनसंस्थेचे स्थान सुरक्षित नसते आणि ग्रंथालयाचे छत्र तिला प्रत्येक वेळी वाचवू शकत नाही, हे या वादातून स्पष्ट झाले.

विलीनीकरणातील प्रश्न : या अनुभवांवरून काही प्रश्न ठळकपणे पुढे येतात. पहिला प्रश्न निष्ठेचा आहे. ग्रंथालय मुख्यतः आपल्या विद्यापीठातील वाचकांची सेवा करते. उलट प्रकाशनसंस्था विशिष्ट विषयांत जगातील कोणत्याही लेखकाचा उत्तम ग्रंथ शोधते. विलीन झालेल्या प्रकाशनसंस्थेने केवळ स्वतःच्या विद्यापीठातील अध्यापकांचे लेखन छापावे, असा आग्रह धरल्यास तिची प्रतिष्ठा खालावते. दुसरा प्रश्न संपादकीय स्वातंत्र्याचा आहे. ग्रंथ स्वीकारण्याचा अंतिम अधिकार अध्यापकांच्या मंडळाकडे व बाहेरच्या तज्ज्ञांच्या परीक्षणाकडेच राहिला पाहिजे. तो ग्रंथपालाकडे वा कुलसचिवाकडे गेल्यास ग्रंथावरील विद्यापीठाची मुद्रा निरर्थक ठरते. तिसरा प्रश्न पैशाचा आहे. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातून प्रकाशनाचा तोटा भरून काढावा लागला, तर तेवढी ग्रंथखरेदी कमी होते. ज्या विलीनीकरणात या तिन्ही बाबींची तरतूद आधी झाली, ती बहुधा टिकली. केवळ काटकसरीसाठी केलेली विलीनीकरणे बहुधा बंद पडण्याच्या मार्गावरील एक थांबा ठरली.

भारत : मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी होती. त्यामुळे प्रारंभी त्यांना ग्रंथालय वा प्रकाशनसंस्था यांची गरज भासली नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची व राजाबाई मनोऱ्याची वास्तू प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाली. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या कारकीर्दीत प्रकाशनास चालना मिळाली, तर मद्रास विद्यापीठाने तमिळ भाषेचा बृहत्कोश १९२४–३६ या काळात प्रसिद्ध केला.

परंतु ग्रंथालय व प्रकाशन यांच्या ऐक्याची भारतातील खरी परंपरा हस्तलिखितसंग्रहांत आढळते. म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्ये स्थापन केलेल्या प्राच्य ग्रंथालयात आर्. शामशास्त्री (१८६८–१९४४) यांना कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित १९०५ मध्ये आढळले व त्याच ग्रंथालयाच्या मालेत १९०९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे ग्रंथालय १९१६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाकडे आले. त्रावणकोर संस्थानात टी. गणपतिशास्त्री (१८६०–१९२६) यांनी भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके १९१२ पासून अनंतशयन संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. तो विभागही पुढे तेथील विद्यापीठात समाविष्ट झाला. बडोदे येथे सयाजीराव गायकवाड (कार. १८७५–१९३९) यांच्या प्रेरणेने मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. राजशेखराची काव्यमीमांसा हा तिचा पहिला ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. या कार्यासाठी १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले व १९४९ मध्ये ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. विलीनीकरणानंतर या संस्थेने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली व तिचे सात खंड १९७५ पर्यंत पूर्ण केले.

या संस्थांत ग्रंथपाल, संपादक व प्रकाशक या भूमिका वेगळ्या नव्हत्या. हस्तलिखिताचे जतन हे पहिले काम, त्याची सूची हे दुसरे व त्याची शुद्ध संहिता छापणे हे तिसरे असा एकच क्रम होता, आणि खर्च संस्थानाच्या खजिन्यातून भागत असल्याने खपाचा प्रश्न गौण होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे (स्थापना १९१७) कार्यही, ते विद्यापीठाबाहेरचे असले, तरी याच परंपरेत बसते. मुंबई सरकारचा हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातून या संस्थेकडे आला. संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती वि. सी. सुखटणकर (१८८७–१९४३) व त्यांच्यानंतरच्या संपादकांच्या परिश्रमाने १९६६ मध्ये पूर्णत्वास गेली. सत्तेचाळीस वर्षे चाललेले असे कार्य केवळ विक्रीच्या हिशेबावर उभे राहणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा सर्वसाधारण विद्यापीठीय प्रकाशनात उतरली नाही. बहुतेक विद्यापीठांत ग्रंथालय एका बाजूस व प्रकाशन विभाग दुसऱ्या बाजूस राहिला. मुद्रणालय असलेच, तर प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम व अहवाल यांच्या छपाईत ते गुंतले. प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण देता यावे म्हणून केंद्र शासनाच्या साहाय्याने राज्याराज्यांत ग्रंथनिर्मितीची मंडळे निघाली. महाराष्ट्रात नागपूर येथे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले व त्याने मराठीतून अनेक विषयांवर ग्रंथ काढले. मात्र हे कार्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांशी जोडलेले नव्हते. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन् (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, असे म्हटले आहे. यांतील दुसरी अपेक्षा प्रकाशकालाही तितकीच लागू पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे पीएच्. डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. त्यानंतर गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध जमा झाले. प्रबंध मिळवून ते भांडारात चढविण्याचे काम बहुधा विद्यापीठांची ग्रंथालये करतात. त्या मर्यादित अर्थाने भारतीय ग्रंथालये प्रकाशक झाली आहेत. तसेच केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केलेल्या एकत्रित वर्गणी योजनेनुसार २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली व सु. १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांस उपलब्ध करण्यात आली. या योजनेने वाचकाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. परंतु तो बाहेरच्या प्रकाशकांस मूल्य देऊन. भारतीय भाषांतील विद्वत्ग्रंथ कोणी सिद्ध करावेत, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. प्रबंध भांडारात ठेवल्याने तो सुरक्षित राहतो व शोधणाऱ्यास सापडतो; परंतु तेवढ्याने त्याचा ग्रंथ होत नाही. परीक्षकांसाठी लिहिलेल्या मजकुराची छाटणी करणे, संदर्भ तपासणे, संहिता शुद्ध करणे, निर्देशसूची जोडणे व तो सुजाण वाचकाला वाचता येईल अशा रूपात आणणे हे संपादकाचे काम होय. त्यासाठी लागणारी छपाईची सामग्री आज पूर्वीइतकी महाग नाही आणि प्रबंधांचा संग्रह ग्रंथालयांच्या हाती आहेच. उणीव आहे ती संपादनाची व त्यासाठीच्या निश्चित अनुदानाची. म्हैसूर व बडोदे येथील ग्रंथालयांनी एका हस्तलिखितापासून एक ग्रंथ सिद्ध करण्यासाठी जी यंत्रणा उभी केली, तशी यंत्रणा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत उभी राहिल्यास मराठीतील पुष्कळसे संशोधन भांडारातून वाचकापर्यंत पोहोचू शकेल.